नाव बदलले, खूण कोणती?

मराठवाड्याला नावाचे मोल शिकवावे लागत नाही. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत निजामी राजवट सोसलेल्या या भूमीने 2023 मध्ये छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव ही नावे शासनदप्तरी रुजू झालेली पाहिली. याच मराठवाड्यातील हिंगोली जिल्ह्यात मात्र एका नामांतराला कोणत्याही राजपत्राची गरज पडली नाही. कयाधूकाठचे नर्सी हे संत नामदेवांचे जन्मस्थान. त्यांचे जन्मवर्ष परंपरेने 1270 मानले जाते. गावाने आपल्या सुपुत्राचे नाव स्वतःच्या नावाला जोडून घेतले आणि 'नर्सी नामदेव' हे नाव लोकांच्या मुखी कायमचे वसले.

मुंबईतील चित्र याच्या नेमके उलट आहे. गोरेगाव येथे राज्य शासनाने 1977 मध्ये उभारलेल्या चित्रनगरीला 2001 मध्ये दादासाहेब फाळके यांचे नाव देण्यात आले. निर्णय योग्यच होता, किंबहुना उशिरा सुचलेला होता. परंतु दोन दशके उलटून गेल्यानंतरही रिक्षाचालकापासून नटनट्यांपर्यंत सर्वांच्या तोंडी 'फिल्मसिटी' हाच शब्द आहे. फाळक्यांचे नाव पाटीवर चढले, जिभेवर चढले नाही. असे का व्हावे?

या प्रश्नाचे उत्तर हिंगोली जिल्ह्यातच मिळते. औंढा नागनाथच्या मंदिरासमोर नामदेवांना कीर्तन करण्यास मज्जाव झाला, ते मंदिराच्या मागे जाऊन कीर्तन करू लागले आणि देवाने मंदिरच आपल्या भक्ताकडे फिरवले, अशी कथा शतकानुशतके सांगितली जाते. तेथे नंदी देवासमोर नाही, मागच्या बाजूस आहे. प्रथमच येणारा भाविक साहजिकच विचारतो, 'नंदी मागे का?' आणि उत्तरादाखल ती कथा पुन्हा एकदा सांगितली जाते. भक्ताची जात न पाहणाऱ्या देवाची, समरसतेची ती कथा आहे. खूण अशी असावी लागते. जी पाहणाऱ्याला प्रश्न विचारायला लावते, ती खरी खूण. नावाला अशी खूण लाभली की ते आपोआप रुजते.

चित्रपटांचे स्वप्न विकणाऱ्या अमेरिकेलाही हा धडा ठेच लागूनच मिळाला. फ्लोरिडात 1989 मध्ये सुरू झालेल्या डिस्नेच्या चित्रपट उद्यानाच्या नावातून 2008 मध्ये 'एमजीएम' ही अक्षरे गाळण्यात आली आणि 'हॉलीवूड' हा शब्द आला. तेथे 2001 पासून खूण म्हणून मिकी माऊसची 122 फूट उंचीची जादूगाराची टोपी उभी होती. हॉलीवूडमधील जुन्या, प्रख्यात चिनी चित्रपटगृहाची प्रतिकृती हा त्या उद्यानाचा मूळ मानबिंदू. तो या टोपीमागे झाकला गेला होता. अखेर 2015 मध्ये ती प्रचंड टोपी उतरवावी लागली. केवळ भव्यतेने खूण होत नाही, हे संपत्तीच्या राशीवर बसलेल्यांनाही मान्य करावे लागले.

आपल्याकडे खोपोलीजवळ 2013 मध्ये 'अॅडलॅब्ज इमॅजिका' हे मनोरंजन उद्यान सुरू झाले. 'मिस्टर इंडिया' या 1987 च्या चित्रपटावर बेतलेली सफर हे तेथील एक आकर्षण. पुढे नावातील 'अॅडलॅब्ज' गळाले, 'इमॅजिका' तेवढे उरले. खासगी उद्योगाने आपले नाव व्यवहाराच्या सोयीने ठेवावे वा बदलावे, त्याला हरकत घेण्याचे कारण नाही. परंतु जी चित्रनगरी शासनाची, म्हणजेच समाजाची आहे, तिचे नाव हा व्यवहार नसून ऋणनिर्देश आहे.

आणि ते ऋण लहान नाही. येशूच्या जीवनावरील चित्रपट पाहताना फाळक्यांच्या मनात विचार आला की, आपले राम-कृष्ण पडद्यावर कधी दिसणार? त्यांनी 1912 मध्ये लंडन गाठले, यंत्रसामग्री खरेदी केली. भांडवलदारांची खात्री पटावी म्हणून कुंडीतील वाटाण्याचे रोप अंकुरापासून कसे वाढते, याचे चित्रण केले. सरस्वतीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, स्वयंपाकघर सांभाळून चित्रफितीची कामे शिकून घेतली. 3 मे 1913 रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात 'राजा हरिश्चंद्र' झळकला. पारतंत्र्याच्या काळात, स्वदेशी हातांनी, स्वदेशी कथानक घेऊन एका उद्योगाची पायाभरणी झाली.

चित्रनगरीची खूण याच इतिहासातून घडवली पाहिजे. केवळ पुतळा पुरेसा नाही. पुतळ्याला वर्षातून दोनदा हार घातला जातो आणि उरलेले दिवस वाहने त्याला वळसा घालून जातात. प्रवेशद्वारी वाटाण्याच्या रोपाची कुंडी, तिच्यासमोर हाताने फिरवायचा कॅमेरा आणि त्यामागे दादासाहेबांच्या बरोबरीने सरस्वतीबाई, असे शिल्प उभे राहिले, तर येणारे प्रत्येक मूल विचारील, 'चित्रनगरीच्या दारात कुंडी कशाला?' त्या एका प्रश्नातून फाळक्यांचे सारे चरित्र उलगडेल.

हिंगोलीच्या विद्यार्थ्याला मुंबईपेक्षा हैदराबाद जवळचे. चित्रनगरी म्हटले की त्याच्या डोळ्यांसमोर 1996 साली उभी राहिलेली रामोजी चित्रनगरी येते. तिचे वैभव त्याने अवश्य पाहावे. परंतु भारतीय चित्रपटाचे जनकत्व त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या एका मराठी माणसाकडे जाते, हे त्याला सांगणारी जागा महाराष्ट्रात असू नये काय? नाव देण्याचे काम शासनाने 2001 मध्ये केले. ते नाव जागते ठेवण्याचे काम अजून शिल्लक आहे. एका निरक्षर यात्रेकरूलाही औंढ्याचा नंदी जे सांगू शकतो, ते सांगण्याची शक्ती गोरेगावच्या प्रवेशद्वाराला यावी, एवढीच अपेक्षा आहे.