रूळ कोणाचे, व्याज कोणाचे?

हैदराबादेतील नारायणगुडा हे नाव मराठी वाचकास अगदीच परके नाही. निजामी राजवटीत विवेकवर्धिनी पाठशाळेच्या स्थापनेसाठी झटलेले न्या. केशवराव कोरटकर यांच्या स्मरणार्थ उभी राहिलेली शिक्षणसंस्था याच वस्तीत आहे. तेथील रस्त्यावर उंच खांबांवरून धावणाऱ्या मेट्रोचे उद्‌घाटन 7 फेब्रुवारी 2020 रोजी झाले. जुबिली बस स्थानक ते महात्मा गांधी बस स्थानक हा तो अकरा किलोमीटरांचा मार्ग. दीड महिन्यात टाळेबंदी आली आणि गाड्या सप्टेंबरपर्यंत जागच्या जागी थांबल्या. परंतु या मेट्रोमागे लागलेले खरे विघ्न महामारीचे नव्हे. ते हिशेबाचे आहे.

सप्टेंबर 2025 मध्ये लार्सन अँड टुब्रो कंपनीने या प्रकल्पातून अंग काढून घ्यावे आणि तेलंगण सरकारने तो ताब्यात घ्यावा, असे तत्त्वतः ठरले. सुमारे 13,000 कोटी रुपयांचे कर्ज सरकारच्या शिरावर, शिवाय भागभांडवलापोटी कंपनीला सुमारे 2,000 कोटी! एवढी रक्कम जनतेच्या माथी का यावी, हे विचारणे आम्हांस भाग आहे.

याचे मूळ 2008 सालात आहे. त्या वेळी ‘सत्यम’च्या गोतावळ्यातील मायटास कंपनीने सरकारकडून छदामही न मागता उलट सरकारलाच 30,000 कोटींहून अधिक रक्कम देऊ केली. दिल्ली मेट्रोचे ई. श्रीधरन यांनी तेव्हाच धोक्याची घंटा वाजविली होती. हा रेल्वेचा नव्हे, जमिनीचा व्यवहार आहे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. त्यांची संभावना झाली ती उपेक्षेने. पुढच्याच वर्षी ‘सत्यम’चे बिंग फुटले आणि तो करार रद्द झाला. 2010 मध्ये लार्सन अँड टुब्रोशी नवा करार झाला खरा, पण गृहीत जुनेच राहिले. स्थानकांभोवतीची दुकाने, कचेऱ्या व जाहिराती यांनी उत्पन्नाचा जवळजवळ निम्मा वाटा उचलावा, अशी ती मांडणी. गाड्या चालविण्याचा रोजचा खर्च तिकिटांतून भागू शकतो. कर्जावरील व्याज भागत नाही. संचित तोटा 6,000 कोटींच्या पलीकडे गेला तो यामुळे.

मग भाडेवाढ आली. मे 2025 मध्ये किमान भाडे 10 रुपयांवरून 12 रुपये झाले व ओरड होताच आठवड्याभरात दहा टक्के सूट द्यावी लागली. तिकडे डिसेंबर 2023 पासून राज्य परिवहनच्या साध्या बसगाड्यांत स्त्रियांना प्रवास मोफत आहे. त्यामुळे मेट्रोचे प्रवासी घटल्याची कंपनीची तक्रार आहे. आम्हांला ती अपुरी वाटते. नारायणगुड्याहून बस स्थानकाकडे निघालेल्या गृहिणीने फुकटची बस सोडून जिना का चढावा? दोष मोफत बसचा नाही. एकाच रस्त्यावर बस आणि मेट्रो या दोन सवती नांदविल्या, हा खरा दोष. त्यातच हा मार्ग जुन्या शहरातून फलकनुमापर्यंत जायचा होता, तो वादांत अडकून अलीकडेच थबकला. ज्या दाट वस्तीला त्याची गरज, तेथे तो पोचलाच नाही. तरीही अनंत चतुर्दशीस खैरताबादच्या गणपतीला निरोप देणाऱ्या गर्दीसाठी याच गाड्या मध्यरात्र उलटेपर्यंत धावतात, हे नमूद केलेच पाहिजे.

मुंबईत 1907 साली विजेची ट्राम सुरू झाली, ती 31 मार्च 1964 पर्यंत चालली. पुढे बससेवेचा तोटा ‘बेस्ट’ने कित्येक दशके वीजपुरवठ्याच्या नफ्यातून भरून काढला. वीज आणि वाहतूक एकाच घरची होती, म्हणून ते जमले.

तेलंगण सरकारने ताबा घेताना तीन गोष्टी कराव्यात. परिचालन आणि व्याज यांचे हिशेब वेगळे ठेवून दरवर्षी विधानसभेपुढे मांडावेत. बस व मेट्रो यांचे तिकीट एक करावे. फलकनुम्याचा तुकडा आधी बांधावा, नवे मार्ग मागाहून.

आम्हां गोमंतकीयांना हे दूरचे प्रकरण वाटू नये. मडगावच्या स्कायबसचे खांब आमच्या स्मरणात आहेत. 2004 च्या चाचणीत एका अभियंत्याचा बळी गेला आणि 2013 मध्ये तो सांगाडा मोडीत काढण्याची पाळी आली. उद्या कोणी पणजीसाठी रुळांवरच्या वाहनाची योजना घेऊन आला, तर त्याच्या रंगीत नकाशाआधी त्याची कर्जाची वही मागावी, आणि कदंबच्या बसगाड्यांचे त्यात स्थान काय, ते विचारावे.