राजमान्य रहस्यकथा

आमच्या गावच्या वाचनालयाचा मी गेली सहा वर्षं खजिनदार आहे. बँकेत नोकरी करणाऱ्या माणसाला कुठल्याही संस्थेत दुसरं पद मिळत नाही. गणेश मंडळ असो, सोसायटी असो, की स्मशानभूमी सुधार समिती असो, 'तुम्ही बँकेत ना? मग हे घ्या पावतीपुस्तक!' एवढ्यावर निवडणूक आटोपते. खजिनदाराने पैसे मोजावेत, मतं मांडू नयेत, असा एक अलिखित नियमही असतो. मागच्या सभेत तो माझ्या हातून मोडला.

विषय होता १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन. सगळ्या सभासदांनी मिळून एकच पुस्तक वाचावं आणि मग त्यावर चर्चा करावी, अशी टूम निघाली. कल्पना झकास होती. पण अध्यक्षांनी, म्हणजे निवृत्त मुख्याध्यापकांनी, एक सातशे पानांचा वैचारिक ग्रंथ सुचवला. त्या ग्रंथाच्या मागचा तारखांचा कागद मी पाहिलेला होता. त्याच्यावर दोनच शिक्के होते आणि दोन्ही अध्यक्षांच्या नावचे. मी म्हटलं, "त्यापेक्षा एखादी चांगली रहस्यकथा घेऊ या की!"

सभेत जी शांतता पसरली ती काय सांगू! सत्यनारायणाच्या प्रसादाला कांदाभजी ठेवा म्हणालो असतो तरी इतकी पसरली नसती. शेवटी अध्यक्ष म्हणाले, "खजिनदार, हे वाचनालय आहे, एस.टी. स्टँडवरचा स्टॉल नव्हे."

आता माझ्या बाजूने अख्खं एक राज्य उभं आहे हे त्यांना काय ठाऊक! ते राज्य म्हणजे अमेरिकेतलं मिशिगन. माझी मावसबहीण तिथे डेट्रॉइटजवळ राहते. गेल्या खेपेला आली तेव्हा चॉकलेटांबरोबर एक जाडजूड कादंबरी घेऊन आली आणि म्हणाली, "दादा, हे आमच्या सबंध राज्याने वाचलंय."

मला वाटलं, घटना वगैरे असेल. उघडून बघतो तर खून!

तिकडे मिशिगन ह्युमॅनिटीज नावाची संस्था २००७ पासून 'ग्रेट मिशिगन रीड' हा उपक्रम चालवते. दर दोन वर्षांनी राज्याशी नातं असलेलं एक पुस्तक निवडायचं आणि ग्रंथालयांतून, शाळांतून सगळ्यांनी ते वाचायचं. पहिल्या वर्षी हेमिंग्वेच्या कथा होत्या. २०१९-२० साली फ्लिंट शहरातल्या शिसेमिश्रित पाण्यावर तिथल्याच डॉक्टरीणबाईंनी लिहिलेलं पुस्तक होतं. म्हणजे ही माणसं उडाणटप्पू नव्हेत. त्यांनीच २०२३-२४ साठी अँजेलिन बुली या बाईंची 'फायरकीपर्स डॉटर' ही थरारक कादंबरी निवडली.

कादंबरी घडते ती सू सेंट मेरी या कॅनडाच्या सीमेवरच्या गावात. (त्या 'सू'चं स्पेलिंग पाहिलंत तर मराठी शुद्धलेखनाबद्दलच्या तुमच्या साऱ्या तक्रारी मिटतील.) नायिका अठरा वर्षांची, बर्फावरची हॉकी खेळणारी. आई गोरी, वडील तिथल्या मूळच्या ओजिब्वे जमातीचे. त्यामुळे ती दोन्हीकडची आणि धड कुठलीच नाही. तिच्या डोळ्यांदेखत तिच्या मैत्रिणीचा खून होतो. वस्तीत एक भयंकर नशेचं औषध पसरत असतं. पोरगी रसायनशास्त्रात हुशार, शिवाय जमातीच्या झाडपाल्याच्या औषधांचीही जाणकार. मग एफ.बी.आय. तिला खबरी करतं. पुढचं सांगत नाही, कारण रहस्य फोडणारा माणूस आणि गुळाच्या ढेपेत हात घालणारा माणूस यांच्यात मी फरक करत नाही.

मी कॉमर्सचा पदवीधर. आदिवासी जमातीचं सभासदत्व कोणाला मिळतं, कोणाला नाकारलं जातं, नशेपायी घरं कशी बसतात, सरकारी तपास वस्तीचं भलं बघतो की नुसता आरोपी शोधतो, असल्या विषयांवरचा अहवाल माझ्या टेबलावर आला असता, तर मी त्याच्यावर 'पाहिले' असा शेरा मारून तो पुढे ढकलला असता. पण खून कोणी केला हे कळल्याशिवाय झोप येईना, म्हणून मी रात्री दीड वाजेपर्यंत तोच अहवाल वाचत बसलो. आणि बुलीबाई काही उपऱ्या नव्हेत. त्या त्याच जमातीच्या, आणि शिक्षणखात्यात मूळ रहिवाशांच्या शिक्षणाचा विभाग सांभाळलेल्या. त्यांना अहवाल लिहिता येत नव्हता असं नाही. तरी त्यांनी रहस्यकथा लिहिली. याचा काही अर्थ आहे की नाही?

आता विरोधी पक्षाचंही ऐकू. हॅरॉल्ड ब्लूम नावाच्या नामवंत अमेरिकन समीक्षकाला सार्वजनिक वाचनाची ही कल्पनाच पसंत नव्हती. सगळ्यांनी एकाच वेळी बाहेर पडून हॉटेलातले कोंबडीचे तळलेले तुकडे खाण्यासारखं ते त्यांना वाटे. ब्लूमसाहेबांना गणेश चतुर्थी ठाऊक नसावी. त्या दिवशी अख्खा महाराष्ट्र एकाच वेळी मोदक खातो आणि त्यामुळे कोणाची अभिरुची बिघडल्याचं ऐकिवात नाही. न्यूयॉर्कने २००२ साली असाच बेत आखला, तेव्हा पुस्तक कुठलं यावरच निवड समितीत फूट पडली. हे वाचून मला न्यूयॉर्कबद्दल एकदम घरोबा वाटला.

राहिला 'दर्जा'. दर्जाबद्दल माझं भांडण नाही. सातशे पानांचा ग्रंथ थोरच आहे. पण सगळ्यांनी मिळून वाचायचं म्हणजे सगळ्यांनी शेवटच्या पानापर्यंत पोचायला हवं. चर्चेला चाळीस माणसं जमावीत आणि त्यांतल्या एकोणचाळीसांनी प्रस्तावनेवर बोलावं, याला वाचन म्हणत नाहीत. बँकेत आम्ही याला खोटी नोंद म्हणतो.

आणि एक सांगतो, हे मी सभेत बोललो नाही.

माझे वडील एस.टी.त कंडक्टर होते. मुक्कामाची गाडी घेऊन गेले की रात्री गाडीतल्याच दिव्याखाली बाबूराव अर्नाळकर वाचत बसायचे. तिकिटांच्या पेटीत तिकिटांखाली कायम एक पुस्तक असे. हजारावर रहस्यकथा लिहिणारा तो लेखक, आणि माझ्या वडिलांनी त्याला फारशी उसंत दिली नसावी. ही सगळी पुस्तकं कोपऱ्यावरच्या दुकानातून रोजच्या भाड्याने आणलेली. घरी कोणी पाहुणा आला की पुस्तक गादीखाली जायचं. पाहुण्याने विचारलंच तर म्हणायचे, "छे हो, आपल्याला कुठली वाचायची आवड!" आयुष्यभर वाचत राहिलेला हा माणूस स्वतःला वाचक समजत नव्हता. आमच्या या वाचनालयाच्या पायऱ्या ते कधी चढले नाहीत. आपल्याला हवं ते पुस्तक तिथे मागायची लाज वाटायची त्यांना. त्यांचं मी समजू शकतो. पण त्यांना लाज वाटायला लावणाऱ्यांचं मला आजही समजत नाही. सभासद घटले म्हणून दरवर्षी वार्षिक सभेत आपण उसासे टाकतो. ते गेले कुठे, हे एकदा गाद्या उचलून बघावं.

ठराव अर्थातच फेटाळला गेला. सभा संपल्यावर मात्र अध्यक्षांनी कपाटातून एक जुना अर्नाळकर काढला. "दर्जा तपासण्यापुरता नेतो," म्हणाले. त्याला आता तीन आठवडे झाले. पुस्तक परत आलेलं नाही. दंड लावायचं काम खजिनदाराचं, पण मी गप्प आहे. आयुष्यात पहिल्यांदाच एखादी थकबाकी बघून मला आनंद होतो आहे.