शांतता कुणासाठी, गोंगाट कुणाचा?

धोबीतलावचे रंगभवन आज मुंबईबाहेरच्या माणसाला ठाऊक असेल, तर ते २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्रीमुळे. कामा रुग्णालयातून बाहेर पडलेल्या दोन दहशतवाद्यांनी रंगभवनाच्या गल्लीत हेमंत करकरे, अशोक कामटे आणि विजय साळसकर यांचे प्राण घेतले. तेव्हापासून ‘रंगभवन गल्ली’ हे शब्द कानी पडले की गोळ्यांचा आवाजच आठवतो. ते स्वाभाविक आहे. पण ज्या वास्तूमुळे त्या गल्लीला हे नाव पडले, ती वास्तू काय होती आणि तिचे काय झाले, हे कुणी विचारत नाही. ती गोळ्यांनी मेली नाही. त्याच्या आधीच काही वर्षे तिचा आवाज नियमाने बंद झाला होता आणि त्याबद्दल मराठी सांस्कृतिक जगात कुणी सुस्काराही टाकला नाही.

रंगभवन हे सरकारी मालकीचे खुले नाट्यगृह. झेव्हियर्स कॉलेजला लागून, रेल्वे स्थानकांपासून चालत दहा-पंधरा मिनिटांवर. १९७८ साली सुरू झालेली जॅझ यात्रा इथे भरली. सनी रोलिन्ससारखा जगविख्यात वादक त्या पहिल्या यात्रेत आला. १९८६ साली फरहाद वाडिया यांनी ‘इंडिपेन्डन्स रॉक’ हा मेळा सुरू केला. दर पावसाळ्यात, स्वातंत्र्यदिनाच्या आसपास, काळे टी-शर्ट घातलेली हजारो पोरे चिखल तुडवत इथे जमत. रॉक मशीन, मिलेनियम, ब्रह्मा ही नावे मराठी वाचकाला अपरिचित असतील. पण इंग्रजी गाण्यांची नक्कल सोडून स्वतःची गाणी वाजवण्याचे धाडस या मंडळींनी केले आणि हेवी मेटल नावाच्या दणदणीत, कर्कश, रागीट संगीताला या देशात श्रोता मिळवून दिला. आयोजक गर्भश्रीमंत नव्हते, वाजवणारे बहुतेक विद्यार्थी होते आणि ऐकणारे लोकलने येत होते. लोकलने येता येईल, खिशाला परवडेल आणि नवख्या पोरांनाही मंचावर चढता येईल अशी जागा शहराच्या मधोमध असणे ही फार मोठी गोष्ट असते. ती गेल्यावरच कळते.

२००० साली केंद्र सरकारचे ध्वनिप्रदूषण नियम आले. रुग्णालय, शिक्षणसंस्था आणि न्यायालय यांच्याभोवतीचा किमान शंभर मीटरचा परिसर ‘शांतता क्षेत्र’ ठरला. दिवसा ५० डेसिबल, रात्री ४०, ध्वनिवर्धक वर्ज्य. रंगभवनाच्या एका अंगाला कॉलेज, जवळच कामा आणि जी. टी. ही रुग्णालये, पलीकडे किल्ला न्यायालय. नियम जणू याच जागेचा नकाशा समोर ठेवून लिहिला असावा, इतका तो तिला चपखल बसला. मैफली थांबल्या. रॉकचा मेळा अंधेरीच्या मैदानात गेला, पुढे बंदच पडला आणि २०२२ मध्ये परतला तो एका बड्या उद्योगसमूहाचे नाव लावून, माझगावच्या हिरवळीवर. रंगभवनात तो परतला नाही.

इथे आमची भूमिका स्पष्ट करणे आवश्यक आहे. आम्ही ध्वनिनियमांच्या विरोधात नाही. रुग्णालयातल्या आजाऱ्याला झोप हवी आणि परीक्षेच्या पोराला शांतता हवी, याबद्दल दुमत असण्याचे कारण नाही. भोंग्यांचा वाद पेटला तेव्हा ध्वनिवर्धक म्हणजे अजान नव्हे, बिलाल रजियल्लाहु अन्हुंनी अजान दिली तेव्हा वीज नव्हती, हे आपल्याच माणसांना समजावून सांगणारे लोक आपल्यात होते आणि त्यासाठी त्यांनी शिव्याही खाल्ल्या. नियम सर्वांना सारखा असेल तर तो कडू असला तरी पाळावा, हे आमचे म्हणणे आहे. आमचा प्रश्न ‘सर्वांना सारखा’ या शब्दांविषयी आहे.

शिवाजी पार्कचे उदाहरण घ्या. २०१० साली उच्च न्यायालयाच्या आदेशाने ते मैदान शांतता क्षेत्र ठरले. म्हणून तिथल्या सभा कायमच्या थांबल्या काय? नाही. वर्षातले ठरावीक दिवस राखून ठेवण्यात आले, परवानग्या मिळाल्या, दसऱ्याला कुणाची सभा व्हायची यावरून पक्ष न्यायालयात भांडले. नियमातच तशी सोय आहे: सांस्कृतिक वा धार्मिक प्रसंगी वर्षातून पंधरा दिवसांपर्यंत रात्री दहा ते बारा ध्वनिवर्धकाला सूट देण्याचा अधिकार राज्य सरकारला २००२ च्या दुरुस्तीने मिळाला. मग २०१७ साली आणखी एक दुरुस्ती झाली: राज्य सरकारने अधिसूचित केल्याशिवाय कोणतीही जागा शांतता क्षेत्र मानली जाणार नाही. त्या गणेशोत्सवाच्या तोंडावर आपल्या सरकारने उच्च न्यायालयात सांगितले की, आता राज्यात शांतता क्षेत्रच उरलेले नाही. उच्च न्यायालयाने ते मान्य केले नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि तिथे सरकारला दिलासा मिळाला.

उत्सव साजरे व्हावेत, सभा व्हाव्यात. आम्हाला त्याचे वैषम्य नाही. पण ज्या सरकारने एका सणासाठी दिल्लीपर्यंत धाव घेऊन राज्यभरची शांतता क्षेत्रे पुसून टाकण्याचा युक्तिवाद केला, त्याच सरकारला स्वतःच्या मालकीच्या एका नाट्यगृहासाठी वर्षातले दहा-वीस दिवस मागता आले नाहीत? मागता आले असते. मागण्याची गरज वाटली नाही. काळे टी-शर्ट घातलेल्या पोरांचे मंडळ नसते, शाखा नसते, वॉर्डात त्यांचा गठ्ठा नसतो. शांतता पाळण्याची सक्ती ज्याच्यामागे कुणी उभे नाही त्याच्यावर होते, ही या प्रकरणाची खरी गोष्ट आहे. ही गोष्ट आपल्या वाचकाला वेगळी समजावून सांगण्याची गरज नसावी.

या उदासीनतेला ‘पाश्चात्त्य गोंगाटाचा तिटकारा’ असे नाव देऊन सुटका करून घेता येणार नाही. १ नोव्हेंबर १९९६ ला अंधेरीच्या क्रीडासंकुलात मायकेल जॅक्सन नाचला. मराठी संस्कृतीचा कैवार घेणाऱ्या पक्षाच्याच पुढाकाराने नाचला. त्या कार्यक्रमाचा करमणूक कर माफ झाला, ग्राहक पंचायत न्यायालयात गेली, वर्षानुवर्षे खटला चालला आणि अखेर जानेवारी २०२१ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने पुन्हा ती सव्वातीन कोटींहून अधिकची रक्कम माफ केली. म्हणजे गोंगाट चालतो. तो मोठा हवा, महागडा हवा आणि बड्यांच्या आशीर्वादाने व्हायला हवा.

जानेवारी २०२५ मध्ये नवी मुंबईत कोल्डप्लेचे तीन कार्यक्रम झाले. बहुतेक तिकिटे अडीच हजारांपासून पस्तीस हजारांपर्यंत, काळ्या बाजारातले भाव त्याहून कितीतरी वर. त्याच वर्षी मे महिन्यात महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर गन्स एन रोझेस वाजले. देश आता ‘कॉन्सर्ट अर्थव्यवस्था’ उभारणार, असे राज्यकर्ते अभिमानाने सांगू लागले. या शब्दातच सगळे आले. अर्थव्यवस्था आहे; संगीताचा पत्ता नाही. आर्यन मेडन मार्च २००७ मध्ये बंगळुरूच्या पॅलेस ग्राउंड्सवर आले तेव्हा देशभरातून हजारो श्रोते गेले. ते श्रोते एका रात्रीत तयार झाले होते काय? वीस वर्षे रंगभवनासारख्या जागांनी, कॉलेजांच्या महोत्सवांनी, हॉटेलांच्या तळघरांतल्या क्लबांनी त्यांचा कान घडवला होता. कुलाब्याच्या ‘स्लिप डिस्क’ या क्लबात १९७२ साली लेड झेपेलिनचे पेज आणि प्लांट हे दोघे येऊन वाजवून गेले. तो क्लबही आज नाही. पीक कापायला सगळे येतात, पेरणीच्या शेताला मात्र कुलूप.

हे केवळ आपल्याकडेच घडते असेही नाही. हेवी मेटलची जन्मभूमी म्हणजे इंग्लंडमधले बर्मिंगहॅम. ब्लॅक सॅबथचे चौघे तिथल्या ॲस्टन या कामगार वस्तीतले. टोनी आयोमी पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. नोकरीच्या शेवटच्या दिवशी यंत्रात सापडून त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके तुटली. त्याने प्लास्टिक वितळवून टोपणे केली, ती बोटांना लावली, पुढे तारा सैल केल्या आणि त्यातून तो जड, खर्जातला, कारखान्यासारखा घुमणारा आवाज घडत गेला. ज्या ‘क्राउन’ नावाच्या दारूगुत्त्याच्या माडीवरच्या क्लबात या पोरांनी सुरुवातीला वाजवले, तो गुत्ता २०१४ साली बंद पडला. जुलै २०२५ मध्ये त्याच शहरात ऑझी ऑस्बोर्नच्या निरोपाचा सोहळा फुटबॉलच्या मैदानात झाला, चाळीस हजारांवर माणसे जमली आणि त्याच महिन्यात ऑझी गेला. निरोपाला मैदान मिळते, सुरुवातीला माडी लागते. माडी नसेल तर पुढचा निरोप कुणाचा घेणार?

‘पण हे आपले संगीत आहे का?’ असा प्रश्न आमच्या काही वाचकांच्या ओठांवर आला असेल. त्यातले धर्मनिष्ठ म्हणतील की हे तर सैतानी. या शब्दाने काय होते ते पाहण्यासारखे आहे. १९९७ च्या जानेवारीत इजिप्तमध्ये सुमारे शंभर मेटलप्रेमी तरुणांना सैतानपूजक ठरवून पकडण्यात आले. २००३ साली मोरोक्कोत, कासाब्लांकाच्या न्यायालयाने अशाच १४ जणांना शिक्षा सुनावल्या. तिथे मात्र लोक रस्त्यावर आले, शिक्षा टिकल्या नाहीत. इंडोनेशियातल्या गारुत गावाच्या तीन मुली हिजाब घालून मेटल वाजवतात. घरच्यांचा, गावाचा, उलेमांचा विरोध सोसून ‘व्हॉइस ऑफ बाचेप्रोत’ हा त्यांचा वाद्यवृंद २०२४ साली ग्लॅस्टनबरीच्या महोत्सवात पोचला. या मुलींचा ईमान गिटारीच्या तारेने तुटला नाही. तुटतो तो बंद दारांमागे, जिथे माणसाला राग व्यक्त करायलाही जागा नसते.

संस्कृतिनिष्ठ म्हणतील की आपले ते ख्याल-ठुमरी. जरूर. पण ते तरी कुणी जगवले? मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्याच्या उरसात अब्दुल करीम खाँसाहेबांनी हजेरी लावली आणि त्या आवारातली संगीतसभा पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. तिथे तिकीट नाही, जातधर्म विचारला जात नाही. कोल्हापूरच्या देवल क्लबाने तीच परंपरा शहरात रुजवली. अल्लादिया खाँसाहेबांचे गाणे डोंगराएवढे झाले ते दरबारात आणि अशा बैठकींत. जयपूर घराण्याला जे लागते, तेच मेटल वाजवणाऱ्या अंबरनाथच्या पोराला लागते: एक मंच, एक सवलतीचे भाडे, चुकीला माफ करणारे शंभर कान. संगीताची जात वेगळी असेल, त्याच्या जगण्याची अट एकच आहे.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरचे केशवराव भोसले नाट्यगृह जळाले तेव्हा कलावंत रस्त्यावर उभे राहून रडले. शाहू महाराजांनी १९१५ साली बांधलेली ती वास्तू. रडणे योग्यच होते, आणि ती पुन्हा उभी करण्याचा निर्णय सरकारने लगोलग घेतला तोही योग्यच. आमचे म्हणणे एवढेच की आगीने जळालेल्या नाट्यगृहासाठी जो जीव तुटतो, तो नियमाने गुदमरलेल्या नाट्यगृहासाठी का तुटत नाही? रंगभवनाच्या जागेवर मराठी भाषा भवन उभारण्याचा विचार मधल्या काळात झाला. वारसा वास्तूचा मुद्दा आला आणि अखेर २०२२ च्या गुढीपाडव्याला त्या भवनाची पायाभरणी चर्नी रोडला झाली. म्हणजे ही जागा सरकारला आठवली ती तिच्यावर दुसरे काही बांधता येईल का, हे पाहण्यापुरती.

आमच्या मागण्या अवाजवी नाहीत. एक, शिवाजी पार्कला जो न्याय तोच रंगभवनाला: वर्षातले निश्चित दिवस, रात्री दहाला सक्तीने समाप्ती, परीक्षांचा काळ वगळून, डेसिबल मोजणारे यंत्र सर्वांना दिसेल असे लावून. रुग्णालयांना त्रास होत असेल तर आवाज अडवणाऱ्या भिंती आणि छत घाला. उड्डाणपुलांच्या कडेला असे अडसर लावता येतात, तर नाट्यगृहाला का नाहीत? दोन, फ्रान्समध्ये संगीताच्या कार्यक्रमांच्या तिकिटांवर ३.५ टक्के कर घेऊन तो पुन्हा संगीतासाठीच खर्च केला जातो. ब्रिटनमध्ये मोठ्या मैदानांतल्या तिकिटामागे काही रक्कम छोट्या जागांसाठी बाजूला काढण्याची शिफारस संसदीय समितीने २०२४ साली केली. आपल्याकडे पस्तीस हजारांच्या तिकिटातून शंभर रुपये वस्तीतल्या सभागृहाला द्यायला कुणाची हरकत असावी? तीन, महापालिकांची जी नाट्यगृहे आहेत तिथे महिन्यातून एक संध्याकाळ नव्या वाजवणाऱ्यांना नाममात्र भाड्यात द्या. ते कव्वाली गातील, रॅप म्हणतील की गिटार बडवतील, हे त्यांच्यावर सोडा.

आणि आमच्या लेखक-कवी मित्रांनाही एक सांगणे आहे. सांस्कृतिक गळचेपीवर आपण परिसंवाद घेतो, ठराव करतो. पण गळचेपी आपल्या आवडीच्या आवाजाची असेल तरच आपल्याला ती दिसते. जो आवाज आपल्या कानाला खुपतो त्याच्यासाठी बोलणे, ही खरी परीक्षा. मुंब्र्याच्या, मालवणीच्या, भिवंडीच्या वस्त्यांत आज पोरे मोबाइलवर सूर जुळवत बसली आहेत. त्यांना शहराच्या मध्यावर एक दार उघडे हवे. ते दार सरकारचे आहे, म्हणजे आपले आहे. किल्ली मागायला आपण गेलो नाही, तर पुढच्या वेळी आपल्या मुशायऱ्याला कुलूप लागेल तेव्हा शेजारी कोण उभे राहील?