विचारलं तरी जातं!

आमच्या हॉस्टेलवर 'तलासरी' म्हटलं की दोनच विषय निघतात, लाल बावटा आणि धर्मांतर. पहिल्यावर बोलणारे निदान गोदूताई परुळेकरांचं नाव तरी ऐकून असतात. दुसऱ्यावर मात्र जो तो एक्सपर्ट! मी दहा वर्षं कॉन्व्हेंटमध्ये काढली, त्यामुळे माझं मत हमखास विचारलं जातं. गेल्या मे महिन्यात रूममेटच्या धाकट्या भावाच्या दृढीकरणाला तलासरीकडे जाऊन आले. मेसमध्ये पहिला प्रश्न आला, "काय गं, तुलाही बाटवलं का?" आता एकदाच सगळ्यांना उत्तर देऊन टाकते.

दृढीकरण म्हणजे धर्मांतर नव्हे. कॅथलिकांच्या सात संस्कारांपैकी पहिला बाप्तिस्मा, तो बहुधा तान्हेपणी होतो. तेव्हा 'देवावर विश्वास आहे का?' या प्रश्नाला आई-बाप आणि गॉडपेरेंट्स उत्तर देतात, बाळ फक्त रडतं. मूल जाणतं झालं की तेच प्रश्न त्याला स्वतःला विचारतात आणि 'हो' त्यानेच म्हणायचं असतं. मग बिशप सुगंधी ऑलिव्ह तेलात अंगठा बुडवून कपाळावर क्रूस काढतात. गॉडफादरचा हात खांद्यावर. पूर्वी बिशप गालावर हलकी चापटीही मारत, पुढे सोसायची तयारी ठेव म्हणून. १९७१ च्या सुधारित विधीत ती गेली. (आमच्या व्हायवात अजून आहे, असो.)

डहाणू-तलासरी हा भाग १९९८ साली स्थापन झालेल्या वसई धर्मप्रांतात येतो. म्हणून बिशप येणार म्हटलं की गावात लग्नघर! मांडव, भात-मटण, नवे कपडे, आणि रात्री तारपा. धर्म आला म्हणून वारलीपण गेलं, असं मला तरी दिसलं नाही. सरकारलाही तसं वाटत नाही. अनुसूचित जमातीचा दाखला धर्मावर अवलंबून नसतो. अनुसूचित जातींना १९५० च्या आदेशाने धर्माची अट आहे, जमातींना नाही. 'डबल फायदा' म्हणून रूममेटला टोमणे मारणाऱ्यांनी एवढं तरी वाचावं.

मला सगळ्यात आवडली ती भाषा. कॉन्व्हेंटमुळे माझ्या डोक्यात चर्च म्हणजे इंग्लिश. इथे प्रश्न मराठीत, गाणी मराठीत. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेपर्यंत (१९६२-६५) हेच सगळं लॅटिनमध्ये चालायचं. जगात काही जणांना ते पारंपरिक रूप परत हवंय, आणि २०२१ साली पोप फ्रान्सिस यांनी जुन्या विधींवर बंधनं घातली तेव्हा बरेच नाराजही झाले. लॅटिन ऐकायला भारदस्त वाटत असेल, पण काय विचारलंय तेच कळलं नाही तर त्या 'हो'ला काय अर्थ? खरं तर मराठीसुद्धा या पोरांची शाळेतली भाषा. घरी वारली बोलतात. माझ्या शेजारी बसलेल्या आजीला नातू हळूच समजावून सांगत होता. प्रश्न वारलीत का विचारू नयेत?

आणखी एक खटकलं. पुढे रांगेत तीस-चाळीस मुलं, मागे आई-बाप, बाहेर चुलीवर मटण. अशा वेळी तेरा-चौदा वर्षांचं कोणतं पोर 'नाही' म्हणेल? कित्येक महिने शिकवणी होते हे मान्य, पण 'मला अजून थांबायचंय' असं म्हणायची सोयही तितकीच सरळ हवी. माझ्या मते हे अठरानंतर व्हावं. रूममेटला हे अजिबात पटत नाही. ती म्हणते, "अठराला पोरं वापीच्या कंपनीत असतात, बिशपसाठी कोण थांबतंय?" तिचाही मुद्दा खराच आहे.

तरीही, विचारलं तरी जातं! आपल्यापैकी किती जणांना ब्रँच निवडताना कोणी विचारलं होतं? कॅप राऊंडचा फॉर्म माझ्या काकांनी भरला, मी फक्त ओटीपी सांगितला.

रूममेटचा भाऊ यंदा दहावीला गेलाय. सायन्स घेणार की आयटीआय, यावर घरात रोज चर्चा चालते. त्याला मात्र अजून कोणी विचारलेलं नाही.