चाल कुणाची, ते आधी लिहा

"विस्मृतीत गेलेलं जपानी संगीत पुन्हा सापडलं" अशा अर्थाचं काही वाचलं की माझ्या कपाळावर आठी उमटते. हरवलं कुणाचं होतं? आणि सापडलं कुणाला?

गेली काही वर्षं हा प्रकार जोरात आहे. १९७०-८०च्या दशकांतली जपानी गाणी जगभरची तरुण मुलं शोधून काढतात, कापतात, लांबवतात, त्यांच्याखाली नवा ठेका घालतात आणि पुन्हा जगात सोडून देतात. त्यातल्या एका शाखेला 'सिटी पॉप' म्हणतात. अमेरिकन सोल आणि जॅझच्या वळणाची, झुळझुळीत, शहरी गाणी. दुसरी शाखा 'कांक्यो ओन्गाकु', म्हणजे परिसराचं संगीत. सिंथेसायझरचे संथ सूर, घरात कुठेतरी आपले वाजत राहावेत असे. माझ्या नातवामुळे ही दोन्ही आमच्या घरात आली. मला जपानीचं एक अक्षर ओळखता येत नाही, तरी आवडली. आवडली म्हणूनच थोडं भांडायचं आहे.

पहिलं भांडण माझ्याच वयाच्या लोकांशी. जुन्या गाण्याला हात लावू नये, लावला की ते बाटलं, असं आमच्या पिढीत पुष्कळांना वाटतं. मला हे अजिबात पटत नाही. ज्या जपानी मंडळींची गाणी आज कापली जातात, त्यांनी स्वतः तरी काय केलं? हारुओमी होसोनो, र्‍युइची साकामोतो आणि युकिहिरो ताकाहाशी या तिघांनी 'येलो मॅजिक ऑर्केस्ट्रा' काढला. त्यांच्या १९७८च्या पहिल्याच तबकडीत 'फायरक्रॅकर' आहे. ती मूळ रचना मार्टिन डेनी या अमेरिकन माणसाची. त्याने आपल्या कल्पनेतला पूर्वेकडचा देश त्यात रंगवला होता. या तिघांनी ते अमेरिकन स्वप्न उचललं, यंत्रांवर वाजवलं आणि त्याची गंमत करून परत पाठवलं. हात लावायचा नाही म्हटलं असतं तर हे घडलंच नसतं. तेव्हा नवं करणार्‍या पोरांना बोल लावण्यात अर्थ नाही.

दुसरं भांडण मात्र त्या पोरांशीच आहे, आणि ते मोठं आहे.

आधी 'अज्ञात' हा शब्द घ्या. मारिया ताकेउचीचं 'प्लास्टिक लव्ह' हे गाणं या सगळ्या लाटेचं मुखपत्रच झालं आहे. ते तिच्या १९८४च्या 'व्हरायटी' या संग्रहातलं. हा संग्रह जपानच्या विक्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेला होता! गाणं लिहिलं तिने, संगीत सजवलं तिचा नवरा तात्सुरो यामाशिता याने, आणि हे दोघे जपानमध्ये घरोघरी माहीत असलेले कलावंत. अज्ञात कुणाला? ज्यांना माहीत नव्हतं त्यांना. आपलं अज्ञान दुसर्‍याच्या कपाळी चिकटवायचं आणि वर शोध लावल्याची शेखी मिरवायची, हा कुठला न्याय?

२०१७ मध्ये कुणीतरी हे गाणं यूट्यूबवर चढवलं आणि ते कोट्यवधी वेळा पाहिलं गेलं. सोबत ताकेउचीचं एक हसरं छायाचित्र होतं. ते या गाण्याचं नव्हतंच, तिच्या दुसर्‍याच तबकडीवरचं होतं. ते काढलं होतं अ‍ॅलन लेव्हन्सन या अमेरिकन छायाचित्रकाराने. जगभर लोकांनी त्या चेहर्‍याची चित्रं काढली, नकला केल्या, पण छायाचित्रकाराचं नाव कुणाच्या तोंडी नाही. २०१८ मध्ये त्याने हक्क सांगितल्यावर तो व्हिडिओ काढला गेला, तेव्हा रसिकांना राग आला तो त्याचाच! २०१९ मध्ये त्याला श्रेय देऊन व्हिडिओ परत आला. म्हणजे नाव लिहिण्याने कुणाचं काही अडलं नाही. आधीच लिहिता आलं असतं.

मी मराठी शिकवत असे. जुन्या संगीत नाटकांची पुस्तकं ज्यांनी चाळली आहेत त्यांना आठवेल, पदाच्या माथ्यावर 'चाल' छापलेली असे: अमुक गाण्याच्या चालीवर. चाल कानडी असो, हिंदुस्थानी असो, नाटककार ती उघडपणे घेई आणि उघडपणे सांगे. त्याने पदाची किंमत कमी झाली नाही. माझं मागणं एवढंच आहे. चाल घ्या, पण माथ्यावर लिहा.

आणि हे होऊ शकतं, याचे दाखले आहेत. 'द वीकेंड' या गायकाने २०२२ मध्ये 'आउट ऑफ टाइम' केलं, ते तोमोको आरानच्या १९८३च्या 'मिडनाइट प्रिटेंडर्स'वर उभं आहे, आणि गीतकारांत तिचं नाव आहे. नाइट टेम्पो हा कोरियन संगीतकार आधी असाच जपानी गाणी कापून जोडत असे; २०१९ पासून त्याने मूळ कंपन्यांच्या परवानगीने ती नव्याने बांधली. त्यामुळे त्याची गाणी बेचव झाली का? मुळीच नाही.

यावर ठरलेलं उत्तर येतं: "आम्ही ऐकलं नसतं तर ते मेलंच असतं. कंपन्या कुठे विचारत होत्या?" यातला दुसरा भाग खरा आहे. जपानी कंपन्यांनी हा खजिना वर्षानुवर्षं कपाटात कुलूपबंद ठेवला, बाहेरच्या श्रोत्याला विकतही दिला नाही. त्यांनाही दोष द्यायलाच हवा. पण घरमालक झोपला म्हणून घर आपलं होत नाही. आयत्या बिळावरचे नागोबा आपल्याकडे कमी का आहेत?

उशिराची किंमत कोण मोजतं, तेही पाहा. हिरोशी योशिमुराने १९८२ मध्ये 'म्यूझिक फॉर नाइन पोस्टकार्ड्स' केलं, टोकियोच्या हारा संग्रहालयात वाजावं म्हणून. २०१७ मध्ये ते जपानबाहेर रीतसर प्रसिद्ध झालं आणि जगाने डोक्यावर घेतलं. योशिमुरा २००३ मध्येच गेला होता. मिकी मात्सुबाराने १९७९ मध्ये मध्यरात्रीच्या दाराचं गाणं म्हटलं. २०२० मध्ये रेनिच या इंडोनेशियन मुलीने ते पुन्हा गायलं, टिकटॉकवर ते गाजलं, आणि मूळ गाणं जगभर पोचलं. मात्सुबारा २००४ मध्ये कर्करोगाने वारली, ४४ वर्षांची.

याच्या उलट आपल्या मुंबईतलं उदाहरण घ्या. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात वाजवणारे चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये रोलंड कंपनीच्या जपानी यंत्रांवर दहा राग डिस्कोच्या ठेक्यात बसवले. तबकडी तेव्हा फारशी कुणी ऐकली नाही. पण एका डच माणसाने मुंबईत येऊन त्यांना गाठलं आणि २०१० मध्ये ती पुन्हा काढली. सत्तरी ओलांडलेले सिंग परदेशांतल्या मंचांवर ते राग वाजवून आले. २०१५ मध्ये ते गेले, पण आपलं ऐकलं गेलं हे पाहून गेले. माणसाचा पत्ता शोधण्याचे कष्ट कुणीतरी घेतले, म्हणून हे झालं.

तेव्हा पोरांनो, गाणी खुशाल कापा. मात्र कापण्याआधी मूळ माणसाचं नाव शोधा, हयात असेल तर विचारा, पैसे आले तर वाटा द्या. जपानी नाव उच्चारायला अवघड वाटत असेल तर शिका. गाणं पाठ होतं, नावही होईल. कुणाला हे पटत नसेल तर जरूर कळवा. भांडायला मला वेळ आहे.