शपथपत्राबाहेरचे वचन

झाशी म्हटले की मराठी वाचकाला राणी आठवते. झाशीच्या उमेदवारांना मात्र निवडणूक जवळ आली की बुंदेलखंड आठवतो. स्वतंत्र राज्याचे वचन तेथे इतक्या वेळा दिले गेले आहे की, त्याची सत्यासत्यता तपासणे हे कोणाचे काम, हा प्रश्नच मागे पडला आहे.

२०१४ च्या लोकसभा निवडणुकीत भाजपच्या उमेदवार उमा भारती यांनी केंद्रात सत्ता आल्यास तीन वर्षांत बुंदेलखंड राज्य होईल, असे सांगितले होते. त्या विजयी झाल्या, केंद्रात मंत्रीही झाल्या. राज्य झाले नाही. २०१९ मध्ये त्या रिंगणात नव्हत्या. पक्षाने उमेदवार बदलला आणि जागा राखली. हिशेब विचारायचा तरी कोणाला?

वास्तविक हे वचन मतदानापूर्वीच तपासता आले असते. घटनेच्या तिसऱ्या कलमानुसार नवे राज्य निर्माण करण्याचा अधिकार संसदेचा आहे. विधेयकाला राष्ट्रपतींची शिफारस लागते आणि संबंधित विधानसभांचे मत मागवावे लागते. ते मत बंधनकारक नसते. तेव्हा राज्य उत्तर प्रदेशातील सात जिल्ह्यांचे, की मध्य प्रदेशातील बुंदेली मुलूखही त्यात येणार, हा पहिला प्रश्न. दुसरा, विधेयक कोणत्या अधिवेशनात येणार?

राज्य सरकार अनुकूल नाही, ही सबब लंगडी आहे. २१ नोव्हेंबर २०११ रोजी मायावती सरकारने राज्याच्या चतुर्विभाजनाचा ठराव विधानसभेत संमत करून घेतला. विधानसभा निवडणूक तोंडावर होती, हेतूविषयी शंका रास्तच होती. केंद्रातील तत्कालीन संयुक्त पुरोगामी आघाडी सरकारने प्रश्न उपस्थित करून तो परत पाठवला. पुढे अखिलेश यादव सरकार विभाजनाच्या विरोधात राहिले, हे खरे. परंतु मार्च २०१७ पासून डिसेंबर २०१८ पर्यंत दिल्ली, लखनऊ आणि भोपाळ या तिन्ही ठिकाणी भाजपचीच सरकारे होती, आणि तीन वर्षांची मुदतही याच काळात संपली. सरकारी विधेयक आले नाही. भाजपच्या १९९७ च्या भुवनेश्वर ठरावाची आठवण असलेल्या विदर्भातील वाचकाला यात नवल वाटणार नाही.

सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ आणि २००३ च्या निर्णयांमुळे उमेदवाराला मालमत्ता, शिक्षण व गुन्हे शपथपत्रावर सांगावे लागतात. खोटी माहिती दिल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. जाहीरनाम्यातील आश्वासने मात्र भ्रष्ट आचरणात मोडत नाहीत, असे याच न्यायालयाने २०१३ मध्ये स्पष्ट केले. ते योग्यच होते; वचनभंगाचे खटले चालवणारे न्यायालय लोकशाहीला परवडणारे नाही. म्हणूनच हे काम वार्ताहरांकडे येते. संसदेतील प्रश्न आणि खासगी विधेयके यांची नोंद कोणालाही पाहता येते. पण प्रचारकाळात आम्ही वार्ताहर सभेची गर्दी मोजतो, ही नोंद क्वचितच उघडतो.