फी मोठी म्हणून कॉलेज मोठे?

भाव वाढला की मागणी घटते, असे आम्हाला कॉमर्सच्या पहिल्या वर्षी शिकवले. बँकेत वीस वर्षे कारकुनी केल्यावर सांगतो, शिक्षणाच्या बाजारात हा नियम उलटा चालतो. २०१६ साली आयआयटीच्या बी.टेक.ची वार्षिक फी ९० हजारांवरून २ लाखांवर गेली. झुंबड आजही तशीच आहे. तिथे निदान नावामागे कर्तृत्व आहे. इतरत्र मात्र फी हेच कर्तृत्व मानले जाते!

दांडिया बाजारातले एक काका कर्जासाठी आले होते. मुलाला आपल्या सयाजीराव विद्यापीठात बी.कॉम.ला प्रवेश मिळत होता. घरात कोणालाच पटेना. "इतक्या स्वस्तात काय शिकवणार? लोक काय म्हणतील?" मग खाजगी कॉलेज आणि आठ लाखांचे कर्ज. साडेसात लाखांपुढे बँक तारण मागते, म्हणून वडिलोपार्जित घराचे कागद आले. दहा टक्क्यांनी, सात वर्षांत फेडायचे तर हप्ता बसतो सुमारे १३ हजार ३००. मुलाला पगार मिळाला १८ हजार. घराचे कागद आजही बँकेच्या तिजोरीत आहेत.

बंधूंनो, हे बडोदे आहे. याच गादीवरील सयाजीरावांनी १९०६ साली संस्थानभर प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले. त्यांच्याच शिष्यवृत्तीवर १९१३ साली बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले. मोफत म्हणून त्या शिक्षणाची किंमत कमी झाली काय? आणि आपण, त्याच राजाच्या आश्रयाने इथे रुजलेली घराणी, पावतीवरचा आकडा पाहून विद्येची पारख करतो!

सरकारी ते सारे चांगले, असे माझे म्हणणे नाही. तिथेही कायम अध्यापकांच्या जागा भरल्या पाहिजेत. पण आपणच पाठ फिरवली, तर त्यासाठी भांडणार कोण? ओस पडलेल्या वर्गासाठी कोणतेही सरकार पैसा देत नसते.

म्हणून सही करण्यापूर्वी तीनच प्रश्न विचारा. कायम अध्यापक किती? मागच्या वर्षीच्या मुलांना प्रत्यक्ष पगार किती? हप्ता त्या पगारात बसतो का? उत्तर लेखी मिळत नसेल, तर फॉर्म परत करा. मंडळानेही गुणवंतांना नुसते पेले वाटण्याऐवजी दरवर्षी प्रवेशाच्या आधी हा हिशेब पालकांपुढे मांडावा. आकडेमोड करायला मी बसतो.